स्पोर्ट्स कार : मालकी, बिघाड आणि कारागिराची जबाबदारी

पुण्याहून कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की शिंदेवाडी लागते आणि भोर तालुका सुरू होतो. खेड शिवापूरचा हवेलीतील तुकडा सोडला तर वेळू, शिवरे, वर्वे, केळवडे, नसरापूरचा चेलाडी फाटा, कापूरहोळ, किकवी, सारोळा अशी भोरचीच गावे करीत बंगळूर महामार्ग नीरा नदीवर पोहोचतो. चेलाडीहून उजवीकडे वळले की मार्गासनीमार्गे वेल्हे, कापूरहोळहून भोर आणि पुढे वरंधा घाटाने महाड. सुट्टीच्या दिवशी पहाटे या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या ठेंगण्या, रुंद, मोठ्या आवाजाच्या गाड्या धावताना दिसतात. पोर्शे, मस्टँग, झेड-फोर, टीटी ही नावे आता आपल्या पोरांनाही पाठ झाली आहेत.

गाडी कितीही महाग असली तरी बंद पडायची ती पडतेच. ती बंद पडते तेव्हा मालक सर्वप्रथम जवळच्या गॅरेजवाल्याकडे, पंक्चरवाल्याकडे किंवा वायरमनकडे धाव घेतो. गॅरेज, टायर, वायरिंग, डेंटिंग-पेंटिंग ही कामे आपल्या अनेक कुटुंबांची पिढीजात रोजी आहे. म्हणून हा धडा मुख्यतः अशा कारागीर बांधवांसाठी आहे. दुसरा भाग, चार पैसे गाठीला आल्यावर जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी काय, असा विचार करणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी आहे.

सांगायचे सूत्र एकच आहे. आधी वाचा, मग मोजा आणि त्यानंतरच पाना हातात घ्या. साध्या गाडीत हात आधी आणि डोके मागून चालले तरी निभावते. स्पोर्ट्स कारमध्ये चुकीच्या जागी लावलेला जॅक किंवा चुकीच्या पद्धतीने केलेले टोचन एवढे नुकसान करू शकते की गॅरेजची वर्षाची कमाई त्यात जाईल. उलट, योग्य जागी हात लावणारा आणि नको तेथे न लावणारा कारागीर त्या मालकाच्या सगळ्या ओळखीच्या मंडळींना आपलासा करतो.

ही गाडी वेगळी कशी?

पहिला फरक इंजिनाच्या जागेचा. मस्टँगचे इंजिन नेहमीप्रमाणे पुढे असते. पोर्शे 911 चे ते मागच्या चाकांच्याही मागे असते, तर 718 बॉक्स्टरचे सीट आणि मागचा आस यांच्या मधोमध. पुण्याजवळच्या कारखान्यात तयार झालेली आपल्या महाराष्ट्राची डीसी अवंतीही मधल्या इंजिनाचीच होती. अशा गाडीचे पुढचे झाकण उघडले तर तेथे सामानाची जागा सापडते.

दुसरा फरक उंचीचा. गाडीचे पोट जमिनीला लागून असते आणि खाली प्लास्टिकचे पत्रे बसवलेले असतात. हवेचा प्रवाह सुरळीत राहावा म्हणून ते असतात. ते काढून फेकायचे नसतात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक विजेचा. इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, दरवाजे, सस्पेन्शन या प्रत्येकाचा स्वतंत्र संगणक असतो आणि ते सगळे एकमेकांशी तारेवरून बोलत असतात. एकाला वीज कमी पडली की बाकीचेही तक्रार करू लागतात. त्यामुळे बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे.

पहिली पाच मिनिटे

गाडी रस्त्यावर असेल तर आधी ती आणि माणसे सुरक्षित करावीत. महामार्गावर गाडीच्या मागे अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि सर्वांना कठड्यापलीकडे उभे करावे. त्यानंतर मालकाला पाच प्रश्न विचारावेत. गाडी चालता चालता बंद पडली की सुरूच झाली नाही? कोणता दिवा आधी लागला? तो स्थिर होता की लुकलुकत होता? वास, धूर, आवाज काही आला काय? गेल्या महिन्यात काय काम झाले? बहुतेक वेळा निम्मे उत्तर शेवटच्या प्रश्नात मिळते.

डॅशबोर्डचा फोटो मोबाइलवर घ्यावा. गाडीवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे, चाकांचे, पुढच्या ओठाचेही फोटो घ्यावेत. किलोमीटर, पेट्रोल, तक्रार आणि आपण काय करणार आहोत हे कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. यात अविश्वासाचा प्रश्न येत नाही. दुसऱ्याची गाडी आपल्या ताब्यात आली की ती अमानत असते आणि अमानतीचा हिशेब लेखी असलेला दोघांच्याही हिताचा. मालकाशिवाय चाचणीसाठी गाडी रस्त्यावर नेऊ नये आणि शिकाऊ पोराच्या हाती तर चावी कधीच देऊ नये.

दोन रंग लक्षात ठेवावेत. जाड नारिंगी तार दिसली तर ती गाडी हायब्रिड किंवा विजेवरची आहे. त्या तारेत प्राणघातक दाबाची वीज असते. प्रशिक्षण नसेल तर तेथे हात लावू नये. पिवळी जोडणी बहुधा एअरबॅगची असते. ती मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने तपासू नये, एअरबॅग फुटू शकते.

बॅटरी : सर्वांत मोठी संशयित

स्पोर्ट्स कार रोज चालत नाही. ती आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेली असते आणि तेवढ्या काळात आतले संगणक, अलार्म, चावीची यंत्रणा थोडी थोडी वीज खातच राहतात. म्हणून एकदम ढीगभर दिवे लागले, म्हणजे एबीएस, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळेच नादुरुस्त दिसू लागले, तर सगळे एकाच वेळी बिघडले असे समजू नये. आधी बॅटरी मोजावी.

गाडी काही तास उभी असताना मल्टिमीटरवर साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 च्या आसपास ती अर्धी असते, 12 च्या खाली ती उतरलेली समजावी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा जोडणी सैल अथवा गंजलेली आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.7 दिसायला हवेत. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा वरखाली करतो, म्हणून एकदाच पाहून अल्टरनेटरला दोष देऊ नये. दिवे लावून, एसी लावून पुन्हा मोजावे.

जंप स्टार्ट देताना ट्रकची बॅटरी वापरू नये. महामार्गावर ट्रक सहज मिळतो, पण बहुतेक ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते. त्या एका झटक्याने गाडीचे संगणक जळू शकतात. 12 व्होल्टच्या गाडीवरूनच वीज घ्यावी. आधी लाल केबल अधिकला जोडावी. काळी केबल थेट बॅटरीच्या उण्याला न लावता कंपनीने दाखवलेल्या अर्थच्या खुणेला लावावी, कारण उण्या टोकावर बॅटरी मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. काढताना उलट क्रम, म्हणजे आधी काळी.

काही गाड्यांत बॅटरी पुढच्या सामानाच्या जागेत असते आणि ती जागा उघडणारे कुलूपही विजेवर चालते. बॅटरी मेली की कुलूप उघडत नाही आणि कुलूप उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोहोचता येत नाही. अशा वेळी पहार घालू नये. पोर्शेच्या अनेक गाड्यांत पायाजवळच्या फ्यूजच्या डब्यात बाहेर ओढता येणारे अधिकचे टोक दिलेले असते. तेथे बाहेरची वीज देऊन कुलूप उघडता येते. गाडीसोबतच्या पुस्तकात हे चित्रासह लिहिलेले असते, म्हणूनच पहिला शब्द ‘वाचा’ हा आहे.

बॅटरी बदलायची झाली तर त्याच प्रकारची घ्यावी. एजीएम बॅटरीच्या जागी साधी बसवल्यास ती लवकर मरते. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर संगणक तिला जुनीच समजून चार्ज करीत राहतो. काही महागड्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते, तिला साधा चार्जर लावू नये.

इंजिनाचा दिवा आणि स्कॅनर

पिवळा इंजिन दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर मालक सावकाश पुण्यापर्यंत जाऊ शकतो. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन थरथरत असेल तर गाडी लगेच थांबवावी. अशा वेळी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नसते. ते कच्चे पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळून जातो.

डॅशबोर्डखाली 16 पिनांची जागा असते. तेथे स्कॅनर लावला की कोड मिळतो. P0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, P0300 म्हणजे अनेक सिलिंडरांत. P0171 म्हणजे मिश्रणात हवा जास्त. P0420 म्हणजे कन्व्हर्टरचे काम अपुरे. पण कोड दुखणे कुठे आहे ते सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. P0171 दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणारा कारागीर मालकाचे पैसे घालवतो. फाटलेला हवेचा पाइप, घाण झालेला हवा मोजणारा सेन्सर, पेट्रोलचा कमी दाब यांपैकी कशानेही हाच कोड येतो. आधी स्वस्त कारणे तपासावीत, महाग कारणे शेवटी.

मिसफायरसाठी एक सोपी युक्ती आहे. समजा P0301 आला. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवावी. आता P0303 आला तर कॉइल खराब, कारण दोष कॉइलबरोबर सरकला. P0301 च राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करावा. तरीही दोष तेथेच राहिला तर तार, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळावे. बिनखर्चाची ही तपासणी अनेक नव्या कॉइल वाचवते.

एक इशारा. आजच्या अनेक इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्या नळीतला दाब शंभर बारच्याही वर असतो. इंजिन नुकतेच बंद केलेले असताना ती नळी सैल करू नये. पेट्रोलची फवार कातडी भेदते आणि गरम भागावर पडली तर आग लागते.

ऑइलच्या बाबतीतही जुनी सवय सोडावी. अनेक गाड्यांना मोजपट्टीच नसते, पातळी डॅशबोर्डवर दिसते आणि तीही गाडी सपाट जागी, इंजिन ठराविक तापमानाला असताना. अंदाजाने वरून लिटरभर ओतू नये. ऑइल जास्त झाल्यासही इंजिनाचे नुकसान होते.

तापमान, पाणी आणि घाट

इंजिन मागे असले तरी रेडिएटर बहुधा पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना असतात. तेथील जाळीत पाने, चिखल, प्लास्टिक अडकते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढण्याआधी या जाळ्या पाहाव्यात, पंखे फिरतात का ते पाहावे. गरम असताना कुलंटचे झाकण उघडू नये. कुलंट रंगावरून निवडू नये, कंपनीचा मानक क्रमांक जुळवावा. लांब नळ्यांमुळे या गाड्यांत हवा अडकून राहते. नुसते वरून भरून भागत नाही, हवा काढण्याची पद्धत पाळावी लागते.

वरंधा, पाबे किंवा मांढरदेवीचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले की ब्रेक ऑइल तापते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा शिरलेले ऑइल लवकर उकळते. मग पेडल मऊ होऊन खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, गाडी कितीही कमी चाललेली असो. मालकाला सांगावे की उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनाने वेग रोखावा. पेडल मऊ झालेली गाडी थंड झाल्यावर ‘ठीक वाटते’ म्हणून सोडू नये.

मागच्या ब्रेकचे पॅड बदलण्याआधी हँडब्रेक विजेचा आहे का ते पाहावे. असेल तर स्कॅनरने तो दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. क्लॅम्पने जबरदस्तीने पिस्टन दाबल्यास आतली मोटर तुटते. डिस्क राखाडी, खडबडीत, कार्बन सिरॅमिकच्या असतील तर चाक काढता-लावताना रिम तिच्यावर आपटू देऊ नये. कडा उडाली की डिस्क गेली, आणि तिची किंमत साध्या डिस्कच्या अनेक पट असते.

टायरवाल्यांसाठी

या गाड्यांत स्टेपनी बहुधा नसतेच. एकतर टायर रनफ्लॅट असतात किंवा डिकीत रसायनाची बाटली आणि हवेचा छोटा पंप असतो. पुढची व मागची मापे वेगळी असतात, त्यामुळे चाके पुढची मागे लावता येत नाहीत. अनेक टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोही पाहावा.

चाक खोलताना व्हॉल्व्हच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे हे गृहीत धरावे. मशीनचे फावडे व्हॉल्व्हजवळ घातले की सेन्सर तुटतो. तळाच्या पट्ट्यातले पंक्चर आतून मशरूम पॅच लावून काढावे. बाजूच्या भिंतीचे पंक्चर काढू नये, मालक कितीही आग्रह करो. 200 च्या वेगाने जाऊ शकणाऱ्या गाडीत तो टायर फुटला तर जीव जाईल.

बोल्टमध्ये एक चोरकुलपाचा असतो, त्याची चावी मालकाकडून आधी मागून घ्यावी. बोल्ट शेवटी टॉर्क पान्यानेच कसावेत. चाकाच्या मधोमध एकच मोठा नट असेल तर तो आपल्या पान्याचा विषय नव्हे. पोर्शेच्या अशा नटाला 600 न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो आणि त्यासाठी खास साधने असतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही वयाने कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. कमी चालणाऱ्या गाड्यांत हाच धोका जास्त.

उचलणे आणि टोचन

नुकसान सर्वांत जास्त होते ते येथे. जॅक फक्त खुणेच्या जागीच लावावा, मध्ये रबराची गादी ठेवावी. गाडी इतकी ठेंगणी असते की साधा ट्रॉली जॅक आत जात नाही. तेव्हा चाके आधी लाकडी फळ्यांवर चढवून घ्यावीत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये, हे सांगणे न लगे.

टोचन दोरीने किंवा साखळीने करू नये आणि दोन चाके उचलून ओढूही नये. स्वयंचलित आणि दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद असताना चाके फिरली तर आत ऑइल फिरत नाही आणि गिअरबॉक्स जळतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत तर हे हमखास होते. फ्लॅटबेड म्हणजे सपाट पाटाची उचलगाडीच बोलवावी. चढवताना उतारपट्टीला फळ्यांनी लांबी द्यावी, नाहीतर पुढचा ओठ तुटतो. ओढण्याचे कडे गाडीच्या हत्यारांच्या पेटीत असते आणि बंपरमधील झाकणामागे पिळून बसवायचे असते. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी पाहावे. पाटावर गाडी चाकांवर पट्टे टाकून बांधावी. सस्पेन्शनला किंवा खालच्या दांड्यांना हूक लावू नयेत.

पावसाळा, भाताची पेरे आणि उभी गाडी

भोर-वेल्ह्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. मालकाने वळणाच्या रस्त्याची चौकशी निघण्याआधीच करावी, कारण अर्ध्या वाटेवर चिखलात ही गाडी वळवणेही कठीण.

ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर स्पोर्ट्स कार त्यात घालू नये. हवा ओढण्याची जागा खाली असते. सिलिंडरमध्ये पाणी शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नये. आधी प्लग काढून सिलिंडर रिकामे करावेत, ऑइलमध्ये पाणी आहे का पाहावे. मालकाने चार वेळा सेल्फ मारून मग बोलावले असेल तर तसे कागदावर लिहून घ्यावे. विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते.

काचेखालची आणि छपराच्या कडेची पाणी वाहून जाण्याची भोके पानांनी बुजली की पाणी गाडीत उतरते. उघड्या छपराच्या गाड्यांत सीटखालचे संगणक त्यानेच भिजतात. पावसाळ्याआधी ही भोके साफ करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते आपण मालकाला सुचवावे आणि त्याचे योग्य दाम घ्यावे.

आंबेमोहोर घरात येण्याच्या दिवसांत उंदीर वाढतात आणि उभ्या गाडीच्या इंजिनात ऊब शोधतात. फार्महाऊसवर महिनाभर उभी राहिलेली गाडी एकाएकी सुरू होत नसेल तर स्कॅनरआधी विजेरी घेऊन तारा पाहाव्यात. कुरतडलेली तार नुसती पिळून टेप लावू नये, सोल्डर किंवा योग्य जोडणी करून आवरण चढवावे. सेन्सरच्या तारेतला थोडासा विरोधही संगणकाला चुकीचा आकडा दाखवतो.

उभ्या गाडीतील पेट्रोलचाही विचार करावा. 2025 पासून पंपावरील साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा धरते, आणि जुन्या आयात गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नसते. पेट्रोल झाकणाच्या आत कमीत कमी ऑक्टेन आणि चालणारे मिश्रण लिहिलेले असते, ते पाहून पेट्रोल भरावे.

विकत घेण्याआधीचा हिशेब

जुनी स्पोर्ट्स कार नव्याच्या निम्म्या किमतीत मिळते तेव्हा मोह होतो. पण देखभालीचा खर्च निम्मा होत नाही, तो नव्या गाडीच्याच भावाने होतो. एक उदाहरण धरू. आकडे केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. गाडी वर्षाला 4,000 किलोमीटर चालते. विमा 1 लाख, सर्व्हिस 1 लाख 25 हजार, टायरचा वर्षाचा वाटा 40 हजार, किंमत उतरल्याचा तोटा 3 लाख. लिटरला 7 किलोमीटर आणि 105 रुपये धरले तर पेट्रोल सुमारे 60 हजार. एकूण 6 लाख 25 हजार, म्हणजे किलोमीटरला 156 रुपये. हा आकडा व्यवसायातून निघणार की शौकातून, हे कागदावर मांडूनच ठरवावे. दुकानाचे भांडवल यात अडकवू नये.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा, आणि येथे आपल्याच मातीतील उदाहरणे बोलकी आहेत. डीसी अवंतीचा नमुना 2012 साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत सर्वांनी पाहिला. तिच्यात रेनॉचे 2 लिटरचे, सुमारे 250 अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते. आता ती गाडी बनत नाही. इंजिनाचा भाग रेनॉच्या क्रमांकावरून शोधता येतो, पण दरवाजा, काच, बंपर मात्र कोठून आणणार? त्याआधी सॅन स्टॉर्म या फायबर अंगाच्या छोट्या उघड्या गाडीचीही हीच कथा. रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो 2015 साली आली. तिचे 1.4 टी-जेट इंजिन लिनियातही होते, म्हणून तिच्या मालकाला निदान इंजिनासाठी दोन वाटा आहेत. फोर्डने 2016 साली मस्टँग भारतात आणली आणि 2021 साली येथील कारखाने बंद करण्याचे जाहीर केले, पण सर्व्हिस व सुटे भाग देत राहण्याचे सांगितले. बोध असा की गाडी पसंत करण्याआधी तिचा प्रत्येक मुख्य भाग आणखी कोणत्या गाडीला बसतो आणि तो आज कोण देतो, याची यादी करावी.

कागदपत्रांत हयगय नको. परराज्यातील नोंदणीची गाडी 12 महिन्यांहून अधिक येथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो. स्वस्त वाटणारी दिल्लीची गाडी या ठिकाणी महाग पडते. त्यासाठी नमुना 28 चे ना-हरकत प्रमाणपत्र, हस्तांतरासाठी नमुना 29 व 30, बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना 35 पाहावा. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. पाण्याने इंजिनाचे नुकसान भरून देणारे संरक्षण त्यात आहे का, हे भोर-वेल्ह्यात राहणाऱ्याने आवर्जून विचारावे. सायलेन्सर बदलून आवाज वाढवलेली गाडी घेऊ नये, कलम 52 प्रमाणे असे फेरफार चालत नाहीत.

आणि गाडी पाहायला जाताना आपल्या विश्वासातील कारागिराला बरोबर न्यावे. त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना सुरू करून पाहावे. आदल्याच दिवशी कोड पुसले आहेत का हे स्कॅनरमध्ये कळते, कारण आतल्या स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात.

कारागिरांनी काय करावे?

सगळी साधने एकट्याने घेण्याची गरज नाही. चांगला मल्टिमीटर, टॉर्क पाना, ठेंगणा जॅक, रबरी गाद्या, 12 व्होल्टचा जंप बूस्टर आणि एजीएमला चालणारा चार्जर एवढे प्रत्येक गॅरेजात असावे. महाग स्कॅनर महामार्गावरील तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा, वापराची वही ठेवावी आणि दरवर्षीचे अपडेट वाटून भरावे. घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला त्यावर बसवावे, इंग्रजी पुस्तिका वाचण्याचे काम ती मंडळी सहज करतात.

तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि ती कामाआधी सांगावी. आपण अजूनही पाना फिरवण्याचेच पैसे घेतो, दोष शोधण्याचे घेत नाही. म्हणूनच कारागीर भाग बदलून पैसे मिळवण्याच्या मोहात पडतो. दोष शोधण्याचे दाम मिळाले तर चांगला भाग बदलावा लागत नाही आणि ग्राहकही टिकतो.

शेवटी, जे काम आपले नाही ते सरळ सांगावे. ‘साहेब, गाडी सुरक्षित बाजूला घेतली आहे, बॅटरी मोजली आहे, कोड लिहून दिला आहे, पुढचे काम अधिकृत ठिकाणी करा, फ्लॅटबेड मी बोलावतो,’ असे म्हणणाऱ्या कारागिराची प्रतिष्ठा कमी होत नाही. पुढच्या वेळी त्याच मालकाची घरची साधी गाडी आपल्याच दारी येईल. आपली खरी बरकत त्या साध्या गाडीच्या वर्षानुवर्षांच्या कामात आहे.